बेचाळीसचे चोवीस का होतात?

दुसरीच्या वर्गात बाई सांगतात, "बेचाळीस लिहा." काही मुले ४२ लिहितात, काही २४. बाई २४ वर फुली मारतात आणि पुढे जातात. पण त्या मुलाचा हिशेब सरळ असतो. कानावर आधी ‘बे’ पडले, मग ‘चाळीस’. म्हणून त्याने आधी दोन लिहिले, मग चार. घरी कन्नड किंवा तेलुगू बोलणाऱ्या मुलाची आणखी पंचाईत होते, कारण त्याच्या भाषेत चाळीस आधी येतात आणि दोन मागून. मुंबई, पुणे, सोलापूरच्या महापालिका शाळांत अशी मुले एकाच बाकावर शेजारी शेजारी बसतात.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘बेचाळीस’च्या जोडीला ‘चाळीस दोन’ असे वाचन आले आणि महाराष्ट्रात गदारोळ उठला. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी त्यामागचे कारण परोपरीने समजावून सांगितले. वाद विधानसभेपर्यंत गेला, पण रंगला तो भाषेच्या अस्मितेवर. २४ लिहिणारे मूल काय विचार करते हे वर्गातल्या बाईंना कोणी, कधी आणि कुठे सांगायचे, हा प्रश्न बाजूलाच राहिला. शिक्षकांच्या व्यावसायिक विकासाचा खरा प्रश्न तोच आहे.

शिक्षकाला शिकवले की विद्यार्थी जास्त शिकतो, हे इतके उघड वाटते की ते तपासून पाहावे असे फारसे कोणाच्या मनात येत नाही. गेल्या तीस-चाळीस वर्षांत मात्र ते तपासले गेले, तेही पुष्कळदा शहरांतल्या गरीब वस्त्यांच्या शाळांत. निकाल चक्रावणारे आहेत. काही ठिकाणी मुलांची प्रगती ठळक दिसते, तर बहुतेक ठिकाणी पैसा आणि दिवस खर्च होऊनही गुणपत्रिका हलत नाही. हा फरक कशाने पडतो, त्याचा हा आढावा.

आपला पसारा

आधी आपल्याकडे काय आहे ते पाहू. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत ‘डाएट’ म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. २००१ पासून सर्व शिक्षा अभियानाने सेवेतल्या शिक्षकासाठी वर्षाला वीस दिवसांपर्यंतच्या प्रशिक्षणाची तरतूद केली आणि त्यासाठी गट साधन केंद्रे, समूह साधन केंद्रे, शहरांत शहर साधन केंद्रे आली. २०१९ मध्ये केंद्र सरकारने ‘निष्ठा’ हे शिक्षक प्रशिक्षण सुरू केले. उद्दिष्ट ४२ लाख शिक्षकांचे होते. महासाथीत ते ‘दीक्षा’ या डिजिटल मंचावर ऑनलाइन गेले. २०२० च्या धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली. महाराष्ट्रात शाळासमूहाच्या, म्हणजे केंद्राच्या, पातळीवरच्या शिक्षण परिषदा आहेत. शिवाय बारा वर्षांनंतरच्या वरिष्ठ वेतनश्रेणीसाठी आणि चोवीस वर्षांनंतरच्या निवडश्रेणीसाठी प्रशिक्षणाची अट आहे. म्हणजे प्रशिक्षणाची वानवा नाही.

अडचण त्याच्या घडणीत आहे. राज्यस्तरावर काही निवडक तज्ज्ञ तयार होतात, ते जिल्ह्याला शिकवतात, जिल्हा तालुक्याला आणि तालुका केंद्राला. ही उतरंड लहानपणीच्या कानगोष्टींच्या खेळासारखी चालते. वरून निघालेले वाक्य तळाशी पोचेपर्यंत त्याचे घोषवाक्य झालेले असते. राज्यस्तरावर दोन दिवस चर्चिलेला अपूर्णांकांचा खेळ केंद्रावर सरकफलकांच्या (स्लाइड्सच्या) दोन चित्रांपुरता उरतो. सहीचा कागद फिरतो, गटावर फोटो पडतो, ‘लिंक भरा’ असा निरोप येतो. शिक्षक शाळेत परततो तेव्हा वर्ग तोच असतो, वेळापत्रक तेच असते. नवे काही करून पाहिले तर बघायला कोणी येणार नाही आणि नाही केले तरी विचारणार नाही, हे त्याला पक्के माहीत असते. वेतनश्रेणीला जोडलेल्या प्रशिक्षणात तर प्रमाणपत्र हेच फळ ठरते. त्यात शिक्षकाचा दोष नाही. व्यवस्थेने ज्याला मोल दिले ते त्याने घेतले.

ही आपल्या एकट्याची व्यथा नाही. जागतिक बँकेशी संबंधित अभ्यासकांनी १४ देशांतल्या १३९ सरकारी प्रशिक्षण कार्यक्रमांची रचना नीट मूल्यमापन झालेल्या ३३ कार्यक्रमांशी ताडून पाहिली. मुलांची प्रगती ज्यांत दिसली त्या कार्यक्रमांची वैशिष्ट्ये, म्हणजे विषयाला धरून काम, प्रत्यक्ष सराव, वर्गात येऊन पाठपुरावा, नेमकी सरकारच्या मोठ्या कार्यक्रमांत कमी आढळली.

तास मोजून काय कळते?

२००७ मध्ये अमेरिकेत एक आढावा प्रसिद्ध झाला. शिक्षक प्रशिक्षण आणि विद्यार्थ्यांचे संपादन यांवरचे तेराशेहून अधिक अभ्यास चाळले गेले. काटेकोर पुराव्याच्या कसोटीला उतरले फक्त नऊ. त्या नवांत मात्र चित्र उत्साहवर्धक होते. भरीव प्रशिक्षण, सरासरी ४९ तासांचे, मिळालेल्या शिक्षकांची मुले शंभर जणांच्या रांगेत पन्नासाव्या जागेवरून एकाहत्तराव्या जागेपर्यंत जाऊ शकतात, असा अंदाज निघाला. चौदा तास किंवा त्याहून कमी प्रशिक्षणाचा ठळक परिणाम दिसला नाही.

हा आकडा जगभर फिरला आणि धोरणकर्त्यांच्या हातात तासांची फूटपट्टी आली. पण पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, अमेरिकी शिक्षण खात्यासाठी झालेल्या एका प्रयोगाचा निकाल आला. शहरांतल्या गरीब वस्त्यांच्या शाळांत दुसरीच्या शिक्षकांना वाचन शिकवण्याचे भरपूर तासांचे प्रशिक्षण दिले गेले. शिक्षकांचे ज्ञान वाढले, शिकवण्यातल्या काही सवयीही बदलल्या. मुलांच्या वाचनाच्या गुणांत फरक पडला नाही. मधल्या इयत्तांच्या गणिताच्या अशाच प्रयोगाची गत वेगळी नव्हती. चीनच्या राष्ट्रीय शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रमाची चाचणी घेणारा अभ्यास २०१९ मध्ये छापून आला. विद्यार्थ्यांच्या गणितात त्यालाही काही सापडले नाही. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या टीएनटीपी या संस्थेने तीन मोठ्या शाळा जिल्ह्यांचा जमाखर्च मांडला. दर शिक्षकामागे वर्षाला सुमारे १८ हजार डॉलर खर्ची पडत होते आणि दहांपैकी जेमतेम तीन शिक्षकांत लक्षणीय सुधारणा दिसत होती. अहवालाचे नाव होते ‘द मिराज’, मृगजळ.

तेव्हा तास ही अट असेल, कारण नव्हे. शंभर तास पोहण्याची पुस्तके वाचणारा आणि शंभर तास पाण्यात असणारा, दोघांच्या हजेरीपटावर तास सारखेच पडतात.

न्यूयॉर्कचा दुसरा जिल्हा

शहरी शाळांच्या चर्चेत ज्याचे नाव टाळता येत नाही असे उदाहरण म्हणजे न्यूयॉर्कचा सामुदायिक शाळा जिल्हा क्रमांक २. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकापासून चायनाटाउनमधून वरच्या श्रीमंत वस्त्यांपर्यंत पसरलेल्या या जिल्ह्यात सुमारे ४८ शाळा आणि २२ हजार मुले होती. त्यांत नुकत्याच आलेल्या स्थलांतरितांची मुले पुष्कळ. १९८७ मध्ये अँथनी अल्वाराडो तिथे अधीक्षक झाले. तेव्हा शहरातल्या ३२ जिल्ह्यांत हा जिल्हा वाचनात दहावा आणि गणितात चौथा होता. १९९६ पर्यंत तो दोन्हींत दुसरा झाला.

अल्वाराडो यांनी सुरुवात केली ती एकाच विषयाने, वाचन-लेखनाने, आणि अनेक वर्षे तो सोडला नाही. गणित नंतर आले. व्यावसायिक विकास हे स्वतंत्र खाते न ठेवता त्यांनी ते प्रशासनाचेच काम करून टाकले. एकूण अंदाजपत्रकाचा सुमारे तीन टक्के वाटा त्यावर जाऊ लागला आणि त्यासाठी इतर कामांवरचा खर्च आणि मनुष्यबळ कमी करावे लागले. मुख्याध्यापकांच्या मासिक सभांत परिपत्रके मागे पडली आणि वर्गातले शिकवणे पुढे आले. अधीक्षक आणि त्यांचे सहकारी शाळांत फिरत, तेव्हा ते इमारत नव्हे, वर्ग पाहत.

त्यांच्या ‘प्रयोगशाळे’ची कल्पना तर आपल्या प्रत्येक शहर साधन केंद्राने समजून घ्यावी अशी आहे. एखादा निपुण शिक्षक यजमान होई. दुसऱ्या शाळेतला शिक्षक तीन आठवडे त्याच्या वर्गात जाऊन बसे, पाही, सोबत शिकवे. त्या काळात पाहुण्या शिक्षकाचा स्वतःचा वर्ग त्याच पद्धतीची जाण असलेला अनुभवी बदली शिक्षक सांभाळी. पुढे यजमान शिक्षक पाहुण्याच्या वर्गात येऊन पाठपुरावा करी. व्याख्यान कुठेच नाही. एका कामकऱ्याने दुसऱ्याचे काम हाताशी बसून शिकावे, ही सुताराच्या किंवा तबलजीच्या घरातली जुनीच रीत आहे.

रिचर्ड एल्मोर आणि डीना बर्नी यांनी या जिल्ह्याचा अभ्यास केला. एल्मोर यांनी पुढे मांडलेले सूत्र साधे आहे : वरिष्ठाने शिक्षकाकडून जेवढी जास्त कामगिरी मागावी तेवढे सामर्थ्य त्याच्या हाती देण्याची जबाबदारी वरिष्ठाने उचलावी. आपल्याकडे मागणी वरून खाली येते. सामर्थ्य द्यायची वेळ आली की ‘निधी उपलब्ध नाही’.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. अल्वाराडो यांनी पहिल्या चार वर्षांत वीस मुख्याध्यापक बदलले आणि बरेच शिक्षकही जिल्हा सोडून गेले. तेव्हा यशाचा किती वाटा विकासाचा आणि किती निवडीचा, हा वाद कायम आहे. जिल्ह्यात सुखवस्तू घरांची मुले बरीच होती, हेही टीकाकार दाखवतात. १९९८ मध्ये अल्वाराडो सॅन डिएगोला गेले. तिथले अधीक्षक अॅलन बर्सिन मूळचे सरकारी वकील. दोघांनी मिळून तोच नमुना मोठ्या शहरावर एकदम लागू केला. न्यूयॉर्कच्या जिल्ह्यात जे दहा वर्षांत मुरले ते इथे हुकमाने आणायचे होते. शिक्षक संघटनेशी उभा दावा झाला, वर्गात येणारे मार्गदर्शक शिक्षकांना सोबती न वाटता पहारेकरी वाटू लागले. नंतरच्या मूल्यमापनात प्राथमिक शाळांच्या वाचनात फायदा दिसला, वरच्या शाळांत तसे झाले नाही. अल्वाराडो मुदत संपण्याआधीच बाजूला झाले. बी तेच होते, पण माती तयार नव्हती.

सोबत बसणारा माणूस

या अनुभवानंतर संशोधनाचा रोख ‘कोचिंग’कडे वळला. आपल्याकडे हा शब्द खासगी शिकवणीवर्गांनी पळवला आहे, म्हणून इथे ‘वर्गसोबत’ म्हणू : अनुभवी माणूस ठरावीक काळाने वर्गात येतो, पाठ पाहतो, नंतर शिक्षकाशी एकाच नेमक्या गोष्टीवर बोलतो आणि पुढच्या वेळी तीच गोष्ट पुन्हा पाहतो.

२०१८ मध्ये मॅथ्यू क्राफ्ट आणि सहकाऱ्यांनी अशा ६० अभ्यासांची एकत्र छाननी केली. शिकवण्याच्या गुणवत्तेवर परिणाम मोठा होता. मुलांच्या गुणांवर ०.१८ प्रमाण विचलन, म्हणजे पन्नासाव्या जागेवरचे मूल साधारण सत्तावन्नाव्या जागेवर. शिक्षणातल्या उपायांच्या मानाने ही बाब लहान नाही. पण त्याच छाननीत एक इशारा होता. शंभराहून अधिक शिक्षकांना सामावणाऱ्या कार्यक्रमांत परिणाम बराच ओसरतो. मोठे कार्यक्रम करताना चांगले सोबती पुरत नाहीत आणि भेटी पातळ होतात.

दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्थ वेस्ट प्रांतातला प्रयोग ही तुलना आणखी स्वच्छ करतो. दोन गटांतल्या शिक्षकांना तेच रोजचे पाठ आणि तीच पुस्तके मिळाली. एका गटाला मध्यवर्ती ठिकाणी बोलावून प्रशिक्षण दिले, दुसऱ्या गटाकडे सोबती शाळेत गेला. दोन वर्षांनी मुलांच्या मातृभाषेतल्या वाचनात दुसऱ्या गटाचा फायदा पहिल्याच्या जवळपास दुप्पट होता. केनियाने ‘तुसोमे’ हा वाचनाचा कार्यक्रम २०१५ पासून देशभर नेला. त्याचा आधीचा प्रयोग नैरोबीच्या झोपडवस्त्यांतल्या शाळांतही झाला होता. सरकारी पर्यवेक्षकांच्याच हाती टॅब्लेट देऊन वर्गभेटींची नोंद आणि मुलांच्या वाचनाची छोटी चाचणी हे त्यांचे नित्याचे काम केले गेले. नवी पदे न काढता जुन्या पदाचे काम बदलले. आपल्या केंद्रप्रमुखांच्या दृष्टीने यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

शेजारच्या वर्गातले ज्ञान

सोबती बाहेरूनच यावा असे नाही. अमेरिकेच्या टेनेसी राज्यात एका प्रयोगात ज्या शिक्षकाला अमुक कौशल्यात मार्गदर्शन हवे त्याची जोडी त्याच शाळेतल्या, त्याच कौशल्यात पारंगत शिक्षकाशी लावली. काय करायचे ते दोघांनी ठरवायचे होते. गरजू शिक्षकांच्या मुलांचे गुण ०.१२ प्रमाण विचलनाने वाढले आणि खर्च जवळपास शून्य. सिनसिनाटीच्या शहरी शाळांत मधल्या टप्प्यावरच्या अनुभवी शिक्षकांचे पाठ वर्षभर प्रशिक्षित सहकाऱ्यांनी पाहिले आणि त्यांना तपशीलवार अभिप्राय दिला. त्या वर्षी आणि त्यानंतरही त्यांच्या मुलांचे गणित सुधारलेले राहिले. बरीच वर्षे शिकवलेला माणूस आता बदलत नाही, हा समज तिथे खोटा ठरला.

शाळेची हवाही मोजली गेली. शार्लट-मेक्लेनबर्गच्या शहरी जिल्ह्यात सहकार्य, शिस्त आणि मुख्याध्यापकाचा पाठिंबा चांगला असलेल्या शाळांतले शिक्षक दहा वर्षांत वाईट हवेच्या शाळांतल्या शिक्षकांपेक्षा ३८ टक्के अधिक सुधारले. शिकागोत अँथनी ब्रिक आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकातल्या प्राथमिक शाळांचा मागोवा घेतला. नेतृत्व, शिक्षकांची क्षमता, पालकांशी नाते, मुलांना सुरक्षित वाटणारे वातावरण आणि शिकवण्याची दिशा या पाचांपैकी बहुतेकांत भक्कम असलेल्या शाळांत सुधारणेची शक्यता दुबळ्या शाळांच्या दहापट होती. आणि या सगळ्याला चिकटवणारा डिंक म्हणजे शिक्षकांचा एकमेकांवरचा विश्वास.

जपानचा ‘पाठ-अभ्यास’ याच हवेत वाढला. चार-पाच शिक्षक मिळून एक पाठ रचतात, एक जण शिकवतो, बाकीचे मुलांकडे पाहतात आणि नंतर चर्चा पाठावर होते, शिक्षकावर नाही. १९९९ नंतर ही पद्धत जगभर गेली. इंग्लंडमध्ये तिची मोठी चाचणी झाली तेव्हा मुलांच्या गुणांत फरक दिसला नाही. पद्धतीचा सांगाडा नेता येतो. एकमेकांचे पाठ पाहण्याची सवय आणि त्यासाठी वेळापत्रकात राखलेला वेळ नेता येत नाही, तो घडवावा लागतो.

मुंबई ते चंपारण

भारतातला सर्वांत बोलका पुरावा मुंबईतूनच सुरू होतो. नव्वदच्या दशकात मुंबईच्या वस्त्यांतून उभ्या राहिलेल्या ‘प्रथम’ या संस्थेने ‘बालसखी’ कार्यक्रम आखला. महापालिका शाळांतल्या तिसरी-चौथीच्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना वस्तीतलीच एक तरुणी दिवसातले दोनेक तास वेगळे बसवून वाचन-गणिताचा पाया शिकवी. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ मध्ये मुंबई आणि वडोदऱ्यात त्याची चाचणी घेतली. पहिल्या वर्षी ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलनाची वाढ दिसली. लाभ मुख्यतः मागे पडलेल्या मुलांना झाला. वर्गात उरलेल्या मुलांची संख्या कमी झाली होती, शिक्षकाला मोकळीक मिळाली होती, तरी त्या मुलांच्या गुणांत फरक दिसला नाही. वर्ग लहान करून शिकवणे तेच राहिले तर काय होते, याचा तो धडा.

मग प्रश्न आला : हेच सरकारी शिक्षक करू शकतील का? बिहारच्या पश्चिम चंपारणात २००८ मध्ये उन्हाळी सुट्टीच्या शिबिरांत सरकारी शिक्षकांनी ही पद्धत वापरली आणि मुले वाचू लागली. त्याच भागात शाळेच्या नियमित वर्षात शिक्षकांना प्रशिक्षण आणि साहित्य दिले, तर परिणाम शून्य. शिक्षक तसेच, पद्धत तीच. सुट्टीत पुस्तक संपवण्याचा तगादा नव्हता, मुलांना इयत्तेऐवजी पातळीनुसार बसवता येत होते. शाळा सुरू झाली की पाठ्यपुस्तक, टाचण आणि तपासणी यांनी प्रशिक्षण गिळून टाकले.

हरियाणात २०१२-१३ मध्ये हीच गाठ सोडवली गेली. शाळेच्या दिवसात एक तास केवळ पातळीनुसार शिकवण्यासाठी राखला. देखरेख करणाऱ्या सरकारी समन्वयकांनी आधी स्वतः काही दिवस मुलांना शिकवून पाहिले आणि मगच ते शिक्षकांना मार्गदर्शन करू लागले. हिंदी वाचनात स्पष्ट वाढ झाली. माझ्या मते या विषयावरचा सर्वांत मोलाचा निष्कर्ष हाच : शिक्षकाला काय शिकवले यापेक्षा, शिकलेले वापरायला शाळेने त्याला वेळ आणि मुभा दिली का, यावर मुलांची प्रगती ठरते.

दिल्ली सरकारने २०१६ मध्ये आपल्याच शिक्षकांतून दोनशे मार्गदर्शक शिक्षक निवडले आणि प्रत्येकाकडे पाच-सहा शाळा दिल्या. पुढे प्रत्येक शाळेत विकास समन्वयक नेमला. निवड स्वतःच्या केडरमधून आणि काम वर्गात, ही या योजनेची जमेची बाजू.

आपल्या शहरांचे वेगळेपण

मुंबई महापालिका आठ माध्यमांतून शाळा चालवते. एकाच इमारतीत मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी शाळा असतात, सकाळ-दुपारच्या पाळ्या असतात. भाड्याची खोली बदलली की मूल शाळा बदलते. जूनमध्ये ज्याचे वाचन तपासले ते डिसेंबरमध्ये त्या बाकावर असेलच असे नाही. शिक्षण हक्क कायद्याने जनगणना, आपत्ती आणि निवडणूक ही कामे शिक्षकांसाठी खुली ठेवली आहेत, आणि महानगरांत मतदार याद्यांचे काम शिक्षकाच्या मागे वर्षभर फिरते. शिक्षणसेवक म्हणून रुजू झालेला तरुण शिक्षक पहिली तीन वर्षे तुटपुंज्या मानधनावर काढतो. शिक्षक सर्वांत झपाट्याने सुधारतो तो नेमका याच वर्षांत, आणि तेव्हा तो बहुधा एकटाच असतो.

पण वेगळेपणात बळही आहे. लोअर परळ-वरळी परिसरात २००३ पासून काम करणाऱ्या ‘मुक्तांगण’ या संस्थेने महापालिका शाळांत आसपासच्या वस्त्यांतल्या स्त्रियांनाच शिक्षिका म्हणून घडवले. त्यांचे प्रशिक्षण शाळेतच चालते आणि सेवेत आल्यावरही थांबत नाही. मुलाच्या घरची भाषा आणि चाळीतला शेजार त्यांना आधीच ठाऊक असतो.

मग करायचे काय?

या पुराव्यातून निघणारी कामे फार खर्चिक नाहीत. अवघड आहेत ती प्रशासनाच्या सवयींसाठी.

पहिले, विकासाचे एकक शिक्षक न मानता इमारत मानावी. एका इमारतीतल्या चार माध्यमांच्या दुसरीच्या शिक्षिका पाळ्या बदलतानाच्या अर्ध्या तासात एकत्र बसल्या, तर बेचाळीस, हिंदीतले बयालीस आणि तेलुगूतले नलभै रेंडू यांची चर्चा तिथेच होईल, आणि ती कोणत्याही सरकफलकापेक्षा कामाची असेल. आठवड्यातून हा अर्धा तास वेळापत्रकात छापलेला हवा. ‘सवडीने’ ठरवलेली बैठक कधीच होत नाही.

दुसरे, दोन वर्षे एकच विषय. पायाभूत वाचन घ्यावे किंवा संख्याज्ञान. दर तीन महिन्यांनी नवे अभियान आले की शिक्षक शहाणपणाने वाट पाहायला शिकतो. त्याला ठाऊक असते की हेही जाईल.

तिसरे, वर्गात येणारा सोबती आणि गोपनीय अहवाल लिहिणारा अधिकारी एक नसावा. सॅन डिएगोत भेट घसरली ती इथेच. शेरेबुकात लिहायला आलेल्या माणसासमोर कोणी आपली अडचण उघडी करत नाही. सोबत्याने स्वतः काही आठवडे मुलांना शिकवून दाखवलेले असावे, हरियाणाच्या समन्वयकांसारखे.

चौथे, मुख्याध्यापकाचे काम बदलावे. तो अहवालांत बुडाला असेल तर शाळेतले सर्वांत अनुभवी डोळे वर्गाबाहेर राहतात. पहिल्या तीन वर्षांच्या शिक्षकामागे एक अनुभवी जोडीदार लावणे त्याच्याच हाती आहे.

पाचवे, पन्नास तासांची मोजणी तासांत न करता मुलांच्या वहीत करावी. पायाभूत आणि संकलित चाचण्यांचे आकडे वर पाठवण्यासाठीच भरले जातात. तेच कागद शिक्षकांच्या बैठकीत टेबलावर आले आणि ‘कोणती चूक, कितीजणांची, का’ असा प्रश्न विचारला गेला, तर ते प्रशिक्षणाचे सर्वोत्तम साहित्य ठरते.

यांतून सगळे दारिद्र्य पुसले जाईल असे नाही. रिकामी पदे भरली पाहिजेत, बदल्या थांबल्या पाहिजेत, मूल उपाशी नसावे. शिक्षकांचा विकास हा या गोष्टींना पर्याय नाही. त्या असतानाही शाळा ज्यामुळे कमी पडते, त्यावरचा तो उपाय आहे.

पुढच्या वर्षी शहरात एखादे प्रशिक्षण झाले की त्याची परीक्षा घ्यायला फार मोठा अभ्यास लागणार नाही. सहा महिन्यांनी कोणत्याही महापालिका शाळेच्या दुसरीत जावे आणि शेजारच्या तुकडीच्या बाईंना विचारावे, "इथल्या किती मुलांनी बेचाळीसचे चोवीस लिहिले, आणि का?" त्यांना उत्तर ठाऊक असेल तर प्रशिक्षण वर्गापर्यंत पोचले. नसेल, तर ते अजून सभागृहातच आहे.